भिरंडवाडीची जीभ

ही गोष्ट २०४३ सालची. त्या वर्षी भिरंडवाडीची एसटी पहिल्यांदा ड्रायव्हरशिवाय धावू लागली होती. कंडक्टर तेवढा माणूस होता. उतरताना बायका सवयीने पुढच्या रिकाम्या सीटकडे बघून "येतो हां" म्हणत आणि मग आपल्याच वेडेपणाला हसत.

सिंधुदुर्गातल्या एका डोंगरउतारावर, खाडीच्या डोक्याशी बसलेली ही वाडी. घरं थोडी, रातांब्याची, म्हणजे कोकमाची, झाडं फार. रातांब्याच्या साली मिठात मुरवून जो दाट लाल रस निघतो त्याला आगळ म्हणतात. भिरंडवाडीच्या महिला संघाच्या आगळाची सोलकढी त्या काळी पुण्यापासून मस्कतपर्यंत लोक वाट्या चाटून पीत. आणि त्या आगळाची चव एका बाईच्या जिभेवर उभी होती. प्रमिला राऊळ तिचं नाव. वय बासष्ट, उंच, काळीसावळी, नाकात खड्याची चमकी. सगळी वाडी तिला काकी म्हणे.

चाखणारी एकच असायची, ही संघाची पद्धत. साली सोलायला, मीठ लावायला, पिंपं हलवायला वीस हात असले तरी पिंपाचं झाकण उघडून "आणखी मीठ", "दोन दिवस थांबा", "भरा आता" हे सांगणारी जीभ एकच. आधी प्रमिलाकाकीच्या सासूबाई होत्या, त्यांच्यानंतर ती. चाखणारीचं पथ्य मोठं कडक. मासे नाहीत, मसाला नाही, बाहेरचं नाही. भात, ताक, नाचणीची भाकरी, एखादी मिळमिळीत भाजी. सकाळी उपाशीपोटी चाखायचं. आणि चाखलेलं थुंकायचं नाही. पहिलं पिंप वेतोबाला दाखवलेलं असतं. देवाला दाखवलेलं थुंकायचं कसं? परदेशात चहा चाखणारे घोट घेऊन पिंकदाणीत टाकतात, असं कोणीतरी सांगितलं तेव्हा बायकांनी नाकं मुरडली होती. हंगामात नव्या पिंपांसाठी आणि बाकीचं वर्ष प्रत्येक गाडी भरताना, काकी रोज सकाळी वाटीवाटीने घोट घेई आणि गिळून टाकी.

पूर्वी करवंटीची डवली होती चाखायला. लांब दांड्याची, वापरून काळी पडलेली. संघाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा अध्यक्षबाईंनी, नंदा धुरींनी, त्याऐवजी तांब्याच्या सुबक वाट्या करून आणल्या. पाहुणे येत, फोटो काढत. करवंटी काय दाखवायची त्यांना? वाट्यांना आतून कल्हई होती, पण कल्हईचा पांढरा रंग फोटोत फिका दिसतो म्हणून नंदाबाईंनी ती पुसूनच टाकायला लावली. कल्हई पुन्हा करतो म्हणणारं तरी कोण उरलं होतं? भाता घेऊन झाडाखाली बसणारा, नवसागराचा धूर काढत भांडं फिरवून फिरवून चांदीसारखं करणारा कल्हईवाला त्या मुलखातून केव्हाच नाहीसा झाला होता. वाडीतल्या निम्म्या सुनांनी तो पाहिलाही नव्हता.

वाट्या मात्र देखण्या होत्या. सकाळच्या उन्हात ओळीने मांडल्या की खळ्यात, संघापुढच्या सारवलेल्या अंगणात, दिवे लावल्यासारखं वाटे.

काकीची लेक ऋता पुण्यात शिकून, चार वर्षं नोकरी करून परत आली होती. आई थकणार, मग ही चव कोण सांभाळणार, या काळजीने तिने एक यंत्र बनवलं. स्टीलची एक पेटी आणि तिला लोंबणारे सुईसारखे बारीक पाय. पाय आगळात बुडवले की खारट, आंबट, तुरट यांचं मोजमाप पेटीत उमटे. पण नुसत्या मोजमापाला चव म्हणत नाहीत. चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं हे पेटीला कोणीतरी शिकवायला हवं. म्हणून तीन वर्षं ऋता रोज सकाळी आईशेजारी बसली. आई चाखे, निकाल देई, आणि पेटी तो निकाल शिकत जाई. बायकांनी पेटीचं नाव धाकटी ठेवलं. थोरली ती काकी. तिसऱ्या वर्षी थोरली आणि धाकटी यांचं एकाही पिंपावर दुमत होईना. येत्या हंगामात काकीने नारळ घेऊन निवृत्त व्हायचं आणि धाकटीने कारभार हाती घ्यायचा, असं ठरलं.

आणि माघ सरता सरता पुण्याहून पिंप परत आलं.

"काकी, हॉटेलवाले म्हणतात मीठ फार आहे," नंदाबाई म्हणाल्या. "मस्कतहून पण तेच कळवलंय."

"पुणेकरांनी सोलकढीत साखर घालून बघितली असेल, मग बिघडली," काकी म्हणाली. खळं हसलं.

तिने वाटीत आगळ घेतलं, डोळे मिटून घोट गिळला आणि मान हलवली. "उत्तम आहे. उलट मीठ जरा कमीच."

ऋताने धाकटीचे पाय बुडवले. हिरवा दिवा लागला. "हीसुद्धा तेच म्हणते."

"थोरली म्हणतली, धाकटी म्हणतली," कोपऱ्यातून शेवंता बोलली. ती साली सोलणारी. हात विळीवर आणि जीभ सदा मोकळी. "माका पण इचारा कोणीतरी. देवान जीब माका पण दिलीहा."

"तू सोल गुपचूप," नंदाबाई म्हणाल्या.

शेवंता उठली, ओंजळीत आगळ घेतलं आणि प्याली. तिचं तोंड लिंबासारखं पिळवटलं. "आगो बायो! ह्यां आगळ की दर्या?"

या वेळी कोणी हसलं नाही. बायका आपापल्या हातांकडे बघत राहिल्या. वर्षभर त्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. पण ज्या बाईने सासूच्या हाताखाली चव शिकली, जिने वाडीचं नाव समुद्रापार नेलं, तिला सांगायचं कोणी?

ऋताने बोट बुडवून चोखलं. तीन वर्षांत तिने आगळ तोंडात घेतलं नव्हतं. आकडे होते ना! तिला तो थेंब गिळवेना.

"तूसुद्धा?" काकी म्हणाली आणि उठून चालती झाली.

घरी येऊन तिने मिठाचा डबा उघडला. चिमूट जिभेवर ठेवली. वाळू. साखर घेतली. तीही वाळू, जरा बारीक. मग हिरवी मिरची चावली, तशी जीभ भाजली आणि डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे एवढं शिल्लक होतं. याच दाहाने तिला फसवलं होतं. नाकाला वास येत होता, तोंड भाजत होतं, म्हणून चव आहे असं ती समजत राहिली. दिवस मावळताना उजेड कमी कमी होतो आणि माणूस त्यातच काम करत बसतं, कोणीतरी येऊन दिवा लावेपर्यंत त्याला अंधार कळत नाही. तसं झालं होतं.

ऋता दारात उभी होती.

"कधीपासून गो हे?" काकीने विचारलं.

"मला नाही कळलं, आई. मी धाकटीला तुझ्यावर शिकवलं. तू खाली उतरत गेलीस, तीही तुझा हात धरून उतरत गेली. तुम्ही दोघी एकमेकींना बरोबर म्हणत राहिलात."

"मग आता खरी चव कोणाकडे आहे?"

काही दिवसांनी या प्रश्नाचं उत्तर एका मोठ्या कंपनीकडून आलं. संघाचा सगळा माल तीच कंपनी पुढे पाठवी. त्यांचा कुलाबकर नावाचा माणूस येऊन नम्रपणे सांगून गेला की मृगाच्या आत नवा माल पूर्वीच्या चवीचा निघाला तर ठीक, नाहीतर ते आपलं यंत्र बसवतील आणि सगळ्या कोकणच्या आगळाला एकच चव देतील. तिला कोणी नावं ठेवणार नाही. पण ती भिरंडवाडीचीही असणार नाही.

"बिनचवीची चव म्हणा की," शेवंता म्हणाली. कुलाबकर हसला, पण त्याने ते नाकारलं नाही.

रत्नागिरीला अन्नातल्या धातूंवर काम करणाऱ्या एक डॉक्टर होत्या, शबनम परकार. पन्नाशीच्या, खणखणीत हसणाऱ्या, दाभोळ खाडीकाठच्या. ऋता आईला त्यांच्याकडे घेऊन गेली. जाताना बसमध्ये काकीला वाटत होतं, डॉक्टरीण म्हणेल वय झालं, आणि मग विषय संपेल.

"वय झालंय, पण ते माझंही झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी अजून मीठ ओळखते. हात बघू."

त्यांनी काकीच्या बोटात एक चपटी अंगठी चढवली आणि एक पेलाभर पाणी प्यायला दिलं.

"यात काय आहे?"

"जस्त. चवीच्या कळ्या असतात ना जिभेवर, त्यांतल्या पेशी आठ-पंधरा दिवसांत जुन्या होऊन झडतात आणि नव्या येतात. नव्या घडवायला जस्त लागतं. ते कमी पडलं की कळ्या येतात, पण मुक्या येतात. या पाण्यातलं जस्त जरा जड अणूंचं आहे. शरीराला फरक कळत नाही, अपाय होत नाही, पण अंगठीला ते ओळखता येतं. ते कुठे गेलं, किती राहिलं, किती परत फिरलं, सगळं दिसतं. आम्ही शिकत होतो तेव्हा यासाठी माणसाला महिनाभर डांबून त्याचं रक्त-मूत्र गोळा करावं लागे. आता तुम्ही खुशाल घरी जा."

जस्त कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्या. ऋताला हायसं वाटलं. पण फाल्गुन गेला, रातांबे पिकायला लागले आणि अंगठीवरची रेघ जागची हलेना. गोळीतलं जस्त आतड्याच्या दाराशी येई आणि आल्या पावली परत जाई. रक्तात तांबं मात्र वर वर चढत होतं.

"तुमच्या घरी तांब्याचा हंडा आहे?" डॉक्टरांनी फोनवर विचारलं.

"नाही. फिल्टर आहे," ऋता म्हणाली.

"कुठूनतरी तांबं पोटात जातंय. आणि पुष्कळ जातंय. मी येते."

त्या आल्या तेव्हा सकाळ होती. खळ्यात साली वाळत पडल्या होत्या. आणि मागच्या पडवीत, कोणाला न सांगता, काकी एकटीच वाट्या मांडून बसली होती. निकाल देणं तिने बंद केलं होतं, पण चाखणं बंद केलं नव्हतं. उलट वाढवलं होतं. गळा बसला की गवई जसा जास्तच रियाझ करतो, तशी ती महिनाभर रोज दुप्पट घोट गिळत होती. आज नाही तर उद्या जीभ जागी होईल म्हणून.

डॉक्टरांनी एक वाटी उचलून उजेडात फिरवली.

"फार लखलखीत आहेत हो. रोज घासता?"

"घासाव्या लागतच नाहीत," नंदाबाई अभिमानाने म्हणाल्या. "सहा वर्षं झाली, एकदासुद्धा काळ्या पडल्या नाहीत. तांबटाकडून खास करून घेतल्या."

डॉक्टर काही बोलणार इतक्यात शेवंताचा विळीवरचा हात थांबला.

"नंदे," ती हळू म्हणाली, "आपण भांडी कशान घासतो?"

"आमसुला..." नंदाबाईंचं वाक्य तिथेच तुटलं.

सगळ्या कोकणात तांब्या-पितळेची भांडी आमसुलानेच, म्हणजे रातांब्याच्या वाळवलेल्या सालीनेच, घासतात. काळं भांडं, वर आमसूल, दोन हात फिरवले की सोनं. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या भांड्यात ठेवला की कळकतो, धातू त्यात उतरतो, हे तर तिथल्या शाळकरी पोरीलाही ठाऊक. पण या वाट्यांत आगळ ठेवलंय असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. ठेवायचं म्हणजे रात्रभर. हे तर नुसतं वाढून घ्यायचं, घटकाभर निवळू द्यायचं आणि प्यायचं. पण आगळ म्हणजे आंबट आणि मीठ दोन्ही. घटकाभर त्याला पुरत होती. रोज सकाळी वाट्या स्वतःला घासून घेत होत्या आणि त्यांचा मळ एक बाई उपाशीपोटी गिळत होती.

"पहिल्या वर्षी मला कळक लागायचा," काकी म्हणाली. "वाटलं, नव्या पिंपांचा असेल. मग लागेनासा झाला."

"लागेनासा झाला, कारण लागणारी जीभच जायला लागली," डॉक्टर म्हणाल्या. त्या विळ्यांच्या घोळक्यात पाटावर बसल्या. "असं बघा. आतड्याच्या पेशींत एक प्रथिन असतं. धातू दिसला की त्याला धरून ठेवायचं, एवढंच त्याला कळतं. पेशी झडली की धरलेल्या धातूसकट ती बाहेर. जस्त फार खाल्लं की हे प्रथिन वाढतं आणि तांब्याला अडकवतं, हे आम्हाला पूर्वीपासून माहीत आहे. उलटं, म्हणजे तांब्याने जस्ताची वाट अडते का? चांगलं खाणाऱ्या माणसात आम्ही शोधलं, तर काही विशेष सापडलं नाही. म्हणून विषय मिटला होता. पण इथे काय झालंय? जेवणात जस्त आधीच थोडं. मासे नाहीत, आणि नाचणी-भात असलेलंही बांधून ठेवतात. त्यात रिकाम्या पोटी, आंबटात विरघळलेलं तांबं, रोज, सहा वर्षं. दारात गर्दी एकाचीच. दुसऱ्याला आत शिरायला फटच नाही. राऊळकाकी, हे अजून कोणी पाहिलेलं नाही. पथ्य पाळून, न थुंकता, तांब्यातून आगळ पिणारी बाई जगात दुसरी नव्हती ना!"

"म्हणजे माझं पथ्यच मला बाधलं."

"अर्धं पथ्य, अर्ध्या वाट्या."

नंदाबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "कल्हई मीच पुसून घेतली. फोटोसाठी."

"रडतंस काय?" शेवंता म्हणाली. "आदी वाट्ये उचल हयसून."

वाट्या गेल्या. आता प्रश्न उरला वेळेचा. डॉक्टर म्हणाल्या, तांबं थांबलं की जस्ताला वाट मिळेल. पण नुसत्या गोळ्यांवर विसंबू नका, जेवण बदला. इतक्या वर्षांनी सगळी चव परत येईल का, हे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. आणि सगळ्यांत जास्त जस्त असतं कालवांत, खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांत.

खाडीच्या खडकांवर हवी तेवढी कालवं होती. काकीने ज्या दिवशी चाखणारीचा मान घेतला त्या दिवशी देवापुढे मासे सोडले होते.

"त्यात तांबंही असतं ना?" ऋताने विचारलं.

"असतं. पण जस्त त्याच्या कितीतरी पट. चालेल."

काकी देवळात जाऊन आली. वेतोबाला काय म्हणाली ते तिने कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शेवंताने कोयत्याने फोडून आणलेली कालवं ऋताने ओल्या खोबऱ्यात शिजवली. आईने पहिला घास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"आई, नको असेल तर..."

"ते नाही गो. वीस वर्षांनी खातेय, आणि रबर लागतंय तोंडात!"

मग दोघीही हसल्या. रडतच हसल्या.

त्याच आठवड्यात ऋतानेही आपलं काम केलं. धाकटीत साठलेली तीन वर्षांची शिकवण तिने पुसून टाकली. पुण्याच्या मित्राने फोनवर समजावलं, अगं, थोडी वळव, सुधारून घे, सगळी कशाला मोडतेस? ती म्हणाली, खोटं शिकलेलं पोर सुधारता येतं, पण त्यातलं खोटं कुठलं हे सांगणारं कोणी आज घरात नाही. पेटी कोरी झाली. आई कोरी, पेटी कोरी. दोघी समोरासमोर बसून पेज पीत.

अंगठीवरची रेघ चैत्रात हलली. आधी केसभर, मग बोटभर. डॉक्टरीणबाई फोनवर ओरडल्या, "चढतेय! काकी, चढतेय!" काकी म्हणाली, "तुमची रेघ चढतेय. माझं मीठ अजून वाळूच आहे."

आणि वैशाखातल्या एका साध्या दुपारी, पेजेचा दुसरा घोट घेऊन तिने वाडगा दाणकन खाली ठेवला.

"ऋता! मीठ किती घातलंस हे?"

"नेहमीइतकंच."

"नेहमी म्हणजे? तीन वर्षं मी हे गिळतेय?"

"तू तर म्हणायचीस, ऋताच्या हातची पेज म्हणजे..."

"मेल्ये, तोंडात धरवत नाही!"

ऋताने आईला मिठीच मारली. इतक्या आनंदाने बोलणी खाणारी मुलगी त्या वाडीत पूर्वी झाली नव्हती. काकी तिला ढकलत होती, ओरडत होती, आणि पुन्हा पुन्हा वाडगा तोंडाला लावून तोंड वाकडं करत होती.

हळूहळू सगळं आलं. मिठामागून कडू आलं, गोड सगळ्यांत शेवटी. मृग तोंडावर आला होता. संघाच्या खळ्यात बायका जमल्या. आता थोरली परत आली, करवंटीची डवली परत आली, म्हणजे पुन्हा पहिल्यासारखं होणार, असं जो तो धरून चालला होता. काकी उभी राहिली.

"चाखणारी एकच ही पद्धत आजपासून बंद," ती म्हणाली.

नंदाबाई दचकल्या. "काकी! सासूबाईंपासून..."

"सासूबाईंची जीभ गेली नाही म्हणून कळलं नाही. माझी गेली. एकीची जीभ गेली तर सांगायला दुसरी हवी. आणि तिला सांगायची हिंमत हवी. वर्षभर तुम्ही सगळ्या गप्प बसलात. माझा मान राखलात आणि मला बुडवलंत." ती जरा थांबली. "नऊ जणी चाखतील. शेवंता पहिली. नऊच्या नऊ जणींचं एकमत झालं की मग धाकटीने शिकायचं. नऊ जणींच्या बोटांत डॉक्टरीणबाईंची अंगठी. आणि पोट भरून जेवून यायचं, मासे खाऊन यायचं. नंतर घटकाभर थांबून, तोंड धुऊन चाखायचं."

"आणि गिळायचं?" कोणीतरी विचारलं.

इथे काकी अडखळली. मग म्हणाली, "थुंकायचं. पण मोरीत नाही. ज्या झाडाचं आहे त्याच्या मुळाशी द्यायचं परत."

"मिठान झाड मरतला ना!" शेवंता म्हणाली.

खळं फुटून हसलं. शेवटी खाडीच्या पाण्याला द्यायचं ठरलं. मीठ तिचंच होतं. त्यात देवाचा अपमान कसा होईल?

पंधरा दिवस काकीने आठ जणींना शिकवलं. डोंगराच्या वरच्या अंगाचा रातांबा कसा तुरट लागतो, खाडीकडचा कसा, मीठ पुढे यायला लागलं की जिभेच्या कडेला काय होतं. जे तिला सासूने डोळ्यांच्या खुणेने शिकवलं होतं त्याला ती पहिल्यांदाच शब्द देत होती, आणि शब्द सापडत होते. एवढ्या वर्षांत तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मृगाच्या आदल्या दिवशी कुलाबकर आला. बरोबर कंपनीची पेटी घेऊन आला. पिंपं ओळीने उघडली. नऊ जणी एकामागून एक चाखत गेल्या, ऋता धाकटीचे पाय बुडवत गेली. पिंपामागून पिंप, एकमत. शेवटच्या पिंपाशी काकी म्हणाली, "भरा."

"नको," शेवंता म्हणाली. "काकी, ह्येका अजून दोन दिस होये. मागसून सालीचो तुरटपणा येता."

कुलाबकरने मान वर केली. वर्षापूर्वी अशा वेळी सगळ्यांनी हातांकडे बघितलं असतं. आज आठही जणी काकीच्या तोंडाकडे बघत होत्या.

काकीने डवली पुन्हा भरली. तोंडात घोळवलं. बराच वेळ घोळवलं. मग तिचा चेहरा असा उजळला की ऋताला आपल्या लहानपणची आई दिसली.

"बरोबर," ती म्हणाली. "मी चुकले. शेवंता बरोबर!" आणि जिंकल्यासारखी टाळी वाजवली.

कुलाबकरने पहिल्या पिंपातलं आगळ नारळाच्या दुधात घालून मागितलं. प्याला. वाटी खाली ठेवली. मग तीच पुन्हा पुढे केली. तिसऱ्यांदा भरून देताना नंदाबाई म्हणाल्या, "तुमची पेटी उघडायची का?"

"राहू दे," तो म्हणाला. "ओझं उगीच आणलं."

त्या रात्री भिरंडवाडीत प्रत्येक घरी सोलकढी होती, आणि राऊळांच्या खळ्यात शेवंताने म्हटलेल्या फुगड्यांच्या गाण्यांवर काकीने गुडघे दुखत असताना फेर धरला.

पुढे कोणाचं काय झालं तेही सांगायला हवं. नंदा धुरींनी सावंतवाडीत कल्हई शिकवणारी शाळा उघडली. ती मुलींनीच गजबजली. शेवंता संघाची अध्यक्ष झाली आणि शेवटपर्यंत कोणालाही न जुमानता बोलली. ऋताने पुढे जी जी यंत्रं केली, त्यांतल्या प्रत्येकाला शिकवायला एकाऐवजी अनेक माणसं घेतली आणि ती माणसं अधूनमधून तपासत राहिली. हा नियम आता त्या कामात सगळीकडे पाळला जातो. पुण्याचा तो मित्र, फोनवर वाद घालणारा, तिचा नवरा झाला. वाद अजून चालू आहेत. कुलाबकर निवृत्तीनंतर भिरंडवाडीतच जागा घेऊन राहिला आणि सोलकढीपायी त्याचं वजन वाढलं.

डॉक्टर शबनम परकारांनी आणखी हजारो म्हाताऱ्या माणसांना अंगठ्या घातल्या. "वय झालं, आता कशालाच चव नाही" म्हणत ताट सारणाऱ्या कित्येकांचं जस्त कुठल्यातरी तांब्याने अडवलेलं निघालं. कोणाचं भांड्यातून, कोणाचं नळाच्या पाइपातून, कोणाचं ताकदीच्या गोळ्यांतून. तांबं आणि जस्त यांचं जे प्रमाण ओलांडलं की कळ्या मुक्या होऊ लागतात, त्याला डॉक्टरांनी स्वतःचं नाव दिलं नाही. वाडीचं दिलं.

२०४९ साली लिस्बनला मोठी परिषद भरली. काकी अडुसष्ट वर्षांची, नऊवारी नेसून, पहिल्या रांगेत बसली होती. व्यासपीठावर एक गोरे, टक्कल पडलेले प्राध्यापक आले आणि पडद्यावरची आकृती दाखवत म्हणाले, "द बिरंदवादी रेशो..."

काकी उभी राहिली. ऋता तिचा पदर ओढत होती, डॉक्टरीणबाई तोंड लपवून हसत होत्या, आणि सभागृहातली हजार माणसं वळून बघत होती.

"भिरंडवाडी," काकी खणखणीत आवाजात म्हणाली. "हं, म्हणा बघू आता."

प्राध्यापकांनी म्हटलं. चुकलं. तिने पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा अख्ख्या सभागृहाने त्यांच्याबरोबर म्हटलं, आणि मगच ती खाली बसली.